संतप्त (विशेषण)

संतप्त हे मराठी भाषेतील तीव्र राग दर्शविणारे विशेषण आहे. एखादी व्यक्ती किंवा समूह साध्या नाराजीच्या पलीकडे गेलेला असून त्याच्या रागाला काहीतरी ठोस कारण आहे, अशा वेळी हा शब्द योजला जातो. लेखी मराठीत, विशेषतः वृत्तपत्रीय भाषेत, तो विपुल आढळतो. बोलीत मात्र क्वचितच ऐकू येतो. इंग्रजीतील 'फ्युरियस' या विशेषणाचा प्रतिशब्द म्हणून शालेय भाषांतरात 'संतप्त' हाच शब्द बहुधा दिला जातो. या दोन शब्दांचे अर्थक्षेत्र काही ठिकाणी जुळते, तर काही ठिकाणी वेगळे पडते. हिंदी आणि बंगाली या भाषांतही हेच अक्षररूप आहे. परंतु तेथे त्याचा मुख्य अर्थ 'दुःखाने पोळलेला' असा आहे. त्यामुळे बहुभाषिक प्रदेशातील विद्यार्थ्यांचा या शब्दाबाबत गोंधळ होण्याची शक्यता असते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे अशा प्रदेशाचे ठळक उदाहरण आहेत.

व्युत्पत्ती

'संतप्त' हा तत्सम शब्द आहे. संस्कृतमधील 'तप्' म्हणजे तापणे या धातूला 'सम्' हा उपसर्ग आणि 'क्त' हा प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. त्याचा मूळ अर्थ 'पूर्णपणे तापलेला' असा आहे. 'ताप', 'तप', 'तपस्वी', 'तप्त', 'तापट', 'पश्चात्ताप' आणि 'संताप' हे शब्द याच धातूच्या परिवारातील होत. 'गुप्त', 'लुप्त', 'सुप्त', 'तृप्त' या शब्दांची घडणही याच प्रकारची आहे.

संस्कृतमध्ये 'संताप' म्हणजे दाह, होरपळ, मनाला झालेली पीडा. उन्हाचा दाह, तापाचा दाह, विरहाचा दाह आणि पश्चात्तापाचा दाह हे सर्व त्यात सामावतात. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक या तीन प्रकारच्या पीडांना 'तापत्रय' म्हणतात, त्यातही 'ताप' याचा अर्थ राग नसून दुःख असाच आहे. आधुनिक मराठीत 'संताप' या शब्दाचा अर्थ संकोच पावला आणि तो प्रामुख्याने रागापुरता उरला. हिंदी आणि बंगालीत दुःखाचा जुना अर्थ टिकून राहिला.

'तप्त' आणि 'संतप्त' या जोडीकडे पाहिले असता हा अर्थसंकोच स्पष्ट होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी येथील कमाल तापमान उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदींत या गावाचे नाव अनेकदा येते. या उन्हाने जमीन 'तप्त' होते, असे मराठीत म्हणता येईल. जमीन 'संतप्त' झाली असे म्हणता येत नाही. तापलेल्या जमिनीवरून अनवाणी चालावे लागलेला माणूस मात्र संतप्त होऊ शकतो. निर्जीव वस्तूची उष्णता 'तप्त' या शब्दाकडे राहिली आणि मनाची उष्णता 'संतप्त' या शब्दाकडे गेली.

'राग' या शब्दाचा प्रवासही लक्षणीय आहे. तो 'रञ्ज्' म्हणजे रंगणे या धातूपासून आला असून रंग, लाली, आसक्ती असे त्याचे अर्थ आहेत. मराठीत त्याला क्रोधाचा अर्थ प्राप्त झाला. हिंदीत 'राग' म्हणजे संगीतातील राग किंवा अनुराग. क्रोधासाठी तेथे 'गुस्सा' वा 'क्रोध' हे शब्द आहेत. बंगालीत मात्र मराठीप्रमाणेच 'राग' म्हणजे क्रोध. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रौद्ररसाचा स्थायीभाव क्रोध, वर्ण लाल आणि देवता रुद्र सांगितली आहे. लाली आणि क्रोध यांचे नाते भारतीय परंपरेत जुने आहे, ते यावरून ध्यानात येते.

अर्थ आणि अर्थच्छटा

'संतप्त' या शब्दाच्या अर्थात पुढील चार घटक दिसतात.

पहिला घटक तीव्रतेचा. संतप्त मनुष्य थोडासा रागावलेला नसतो. म्हणून 'थोडा संतप्त', 'किंचित संतप्त' असे प्रयोग मराठीत रूढ नाहीत. तीव्रता शब्दाच्या पोटातच असल्यामुळे 'खूप संतप्त' हा प्रयोगही कानाला खटकतो. आवश्यकता भासल्यास 'अत्यंत संतप्त' किंवा 'कमालीचा संतप्त' असे म्हटले जाते.

दुसरा घटक कारणाचा. 'तापट', 'रागीट', 'शीघ्रकोपी', 'कोपिष्ट' ही विशेषणे स्वभाव सांगतात. 'संतप्त' हे विशेषण अवस्था सांगते. तापट माणूस शांत बसलेला असतानाही तापटच असतो. अत्यंत शांत स्वभावाचा माणूसही एखाद्या प्रसंगी संतप्त होऊ शकतो. संतप्त होण्यामागे काहीतरी घडलेले असते आणि 'कशामुळे?' या प्रश्नाला वाक्यात किंवा संदर्भात उत्तर असावे अशी वाचकाची अपेक्षा असते.

तिसरा घटक मनुष्यत्वाचा. हा शब्द माणसांसाठी आणि माणसांच्या बोलण्या-वागण्यासाठी वापरला जातो. 'संतप्त पालक', 'संतप्त प्रवासी', 'संतप्त जमाव', 'संतप्त प्रतिक्रिया', 'संतप्त सवाल' हे रूढ प्रयोग आहेत. प्राण्यांसाठी मराठीत स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. वाघीण 'चवताळते', हत्ती 'बिथरतो', बैल 'उधळतो', मधमाश्या 'खवळतात', कुत्रे 'पिसाळते'. यांतील 'पिसाळलेले' हा शब्द राग न दर्शविता रेबीज या रोगाची बाधा दर्शवितो, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. 'संतप्त वाघ' असे लिहिल्यास वाघावर मानवी न्यायबुद्धीचा आरोप केल्यासारखे होते.

चौथा घटक न्याय्यतेचा. संतप्त व्यक्तीची बाजू पूर्णपणे बरोबर असते असे नव्हे. परंतु तिला रागावण्यास काही सबब आहे, असे लिहिणाऱ्याला मान्य असल्याचे या शब्दातून सूचित होते. 'माथेफिरू', 'बेभान', 'बेफाम', 'हिंसक' या शब्दांतून ही सूचना मिळत नाही.

समानार्थी शब्दांतील भेद

मराठीत रागाच्या पायऱ्या दर्शविणारे अनेक शब्द आहेत. ते समानार्थी म्हणून शिकविले जातात, तरी एकाच्या जागी दुसरा सरसकट ठेवता येत नाही.

- नाराज: फारसीतून आलेला शब्द. अपेक्षाभंगाची सौम्य भावना. नाराज मनुष्य बहुधा गप्प राहतो.
- रुष्ट: रुसव्याकडे झुकणारा राग. नात्यातील किंवा मर्जीतील व्यक्तीबाबत वापरतात.
- चिडलेला: त्रासामुळे आलेला, तात्कालिक राग. कारण क्षुल्लक असले तरी चालते.
- रागावलेला: सर्वसाधारण शब्द. वडीलधाऱ्यांनी लहानांना दटावणे यासाठीही 'रागावणे' म्हणतात.
- क्षुब्ध: 'क्षुभ्' म्हणजे ढवळून निघणे या धातूपासून. मनाची खळबळ त्यात प्रधान असते. 'प्रक्षुब्ध' हे त्याचे तीव्र रूप समूहासाठी अधिक वापरतात.
- संतप्त: सकारण, तीव्र आणि बहुधा उघडपणे व्यक्त झालेला राग.
- क्रुद्ध, क्रोधायमान: पौराणिक व काव्यात्म वळणाचे शब्द. ऋषी, देवता, राजा यांच्या वर्णनात शोभतात.
- बेभान: रागाने किंवा अन्य भावनेने विवेक सुटलेला. हा शब्द आनंदासाठीही वापरता येतो, त्यामुळे संदर्भ आवश्यक ठरतो.

'उद्विग्न', 'त्रस्त' आणि 'हताश' हे शब्द अनेकदा याच यादीत घातले जातात. परंतु त्यांत राग अनिवार्य नाही. उद्विग्न मनुष्य विषण्ण असतो, त्रस्त मनुष्य गांजलेला असतो. त्रस्त माणसे पुढे संतप्त होतात, हा घटनाक्रम असू शकतो. त्यामुळे हे दोन शब्द समानार्थी ठरत नाहीत.

वाक्प्रचारांतही दाहाचीच कल्पना प्रबळ आहे. तळपायाची आग मस्तकात जाणे, अंगाचा तिळपापड होणे, अंगाची लाही लाही होणे, भडकणे, पेटून उठणे या सर्वांत अग्नी किंवा उष्णता आहे.

व्याकरण

'संतप्त' हे अविकारी विशेषण आहे. विशेष्याच्या लिंगानुसार किंवा वचनानुसार त्याचे रूप बदलत नाही: संतप्त शेतकरी, संतप्त महिला, संतप्त गाव, संतप्त गावकऱ्यांनी. याउलट 'चिडलेला' या शब्दाची 'चिडलेली', 'चिडलेले', 'चिडलेल्या' अशी रूपे होतात.

विधेय म्हणून वापरताना 'होणे' हे क्रियापद अधिक स्वाभाविक वाटते: 'धान पावसात भिजल्याने शेतकरी संतप्त झाले.' त्याच अर्थाचे क्रियापद 'संतापणे' हे आहे: 'शेतकरी संतापले.' भाववाचक नाम म्हणून 'संताप' हेच रूढ आहे. 'संतप्तता' हा शब्द व्याकरणदृष्ट्या शक्य असला तरी प्रचारात नाही. क्रियाविशेषण म्हणून 'संतप्तपणे' यापेक्षा 'संतापून' किंवा 'संतापाने' हे अधिक सहज वाटते. 'संतापजनक' हे विशेषण संताप आणणाऱ्या गोष्टीला लागते: 'संतापजनक प्रकार'. संतप्त माणूस आणि संतापजनक घटना यांची अदलाबदल करता येत नाही.

ज्याच्यावर राग आहे त्याला 'वर' हे शब्दयोगी अव्यय लागते: 'ती ठेकेदारावर संतापली.' कारण दर्शविण्यासाठी '-मुळे', '-ने' किंवा 'म्हणून' यांचा उपयोग होतो: 'विलंबामुळे प्रवासी संतप्त झाले.'

'संताप' आणि 'राग' ही नामे वापरताना मराठीत वाक्यरचना पालटते. अनुभव घेणारी व्यक्ती कर्त्याच्या जागी न राहता चतुर्थीत जाते आणि राग हाच 'येतो': 'मला राग आला.' येथे राग ही बाहेरून येणारी गोष्ट असल्यासारखी मांडणी आहे. 'मला त्याचा राग आला' या वाक्यात 'त्याचा' या षष्ठीचा अर्थही विशेष आहे. येथे राग त्याच्या मनातील नाही. तो माझ्या मनातील असून त्याच्याबद्दलचा आहे. 'त्याचा राग अनावर झाला' या वाक्यात मात्र राग त्याच्याच मनातील आहे. चतुर्थीतील अनुभवी व्यक्ती वाक्यात आहे की नाही, यावरून हा भेद ओळखता येतो.

इंग्रजी 'फ्युरियस'शी तुलना

'फ्युरियस' हा शब्द लॅटिनमधील 'फ्युरिया' म्हणजे उन्माद या शब्दाच्या कुळातील असून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. रोमन पुराणकथांत 'फ्युरी' या सूड घेणाऱ्या देवता होत. म्हणजे मराठी शब्दाच्या मुळाशी दाह आहे, तर इंग्रजी शब्दाच्या मुळाशी उन्माद आहे. मुळातील हा फरक वापरातही जाणवतो. 'फ्युरियस' हे विशेषण वादळ, वेग, लढाई, वादविवाद यांनाही लागते. 'फ्युरियस पेस' याचे भाषांतर 'संतप्त वेग' असे होऊ शकत नाही. तेथे 'झंझावाती वेग' म्हणावे लागते. 'फ्युरियस सी' म्हणजे 'खवळलेला समुद्र'.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांकडून हा इंग्रजी शब्द वापरताना तीन चुका प्रामुख्याने होतात, आणि तिन्हींचे मूळ मराठीच्या रचनेत सापडते.

पहिली चूक शब्दयोगी अव्ययाची. 'त्याच्यावर रागावली' या रचनेवरून 'शी वॉज अँग्री ऑन हिम' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'ऑन' चालत नाही. व्यक्तीसाठी 'विथ' किंवा 'ॲट', आणि गोष्टीसाठी 'अबाउट' किंवा 'ॲट' ही अव्यये येतात: 'शी वॉज फ्युरियस विथ हिम', 'शी वॉज फ्युरियस अबाउट द डिले'. हिंदीतही 'उस पर गुस्सा' अशी 'पर'युक्त रचना असल्याने हिंदी भाषकांकडूनही हीच चूक होते.

दुसरी चूक तीव्रतेची. 'व्हेरी अँग्री' हे योग्य आहे, म्हणून 'व्हेरी फ्युरियस' असेही लिहिले जाते. इंग्रजीत 'फ्युरियस' हे टोकाचे विशेषण मानले जाते. त्याच्यापूर्वी 'ॲब्सोल्यूटली' शोभते, 'व्हेरी' सहसा येत नाही. मराठीतील 'खूप संतप्त' खटकते त्याच कारणाने हेही खटकते. मातृभाषेतील हा संकेत विद्यार्थ्याच्या लक्षात आणून दिल्यास इंग्रजीतील नियम पाठ करावा लागत नाही.

तिसरी चूक षष्ठीची. 'मला त्याचा राग आला' याचे शब्दशः भाषांतर करताना 'हिज अँगर' असा प्रयोग केला जातो. इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. राग माझा न राहता त्याचा होतो. परीक्षेतील भाषांतरात एखाद्या गुणाचे नुकसान होईल. पण तक्रार अर्जात किंवा जबाबात अशी चूक झाल्यास कोण कोणावर रागावले होते, हेच पालटून जाईल.

चिनी भाषकांच्या अडचणी

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी भाषकांच्या अडचणी यांच्याशी आश्चर्यकारकपणे जुळतात. प्रमाण चिनी भाषेत रागावण्यासाठी 'शंग-छी' हा नेहमीचा शब्द आहे. त्याचे दोन घटक 'उत्पन्न होणे' आणि 'छी' म्हणजे वायू, प्राणशक्ती असे आहेत. 'त्याच्यावर रागावणे' हे सांगताना या दोन घटकांच्या मध्ये 'त्याचा' हा शब्द घालतात. म्हणजे शब्दशः 'त्याचा छी उत्पन्न होणे'. मराठीतील 'त्याचा राग येणे' या रचनेशी हिचे साम्य उघड आहे. ज्याच्यावर राग आहे तोच षष्ठीत जातो, हे दोन परस्परांपासून दूरच्या भाषाकुलांतील भाषांत समान आढळते.

चिनी भाषेत साध्या विधानात विशेषणापूर्वी 'हन' म्हणजे 'खूप' हा शब्द येणे संकेताचाच भाग आहे आणि तेथे त्याचा अर्थ बहुधा फिका झालेला असतो. त्यामुळे 'व्हेरी फ्युरियस' ही चूक चिनी विद्यार्थ्यांकडूनही सहज होऊ शकते. रागासाठी 'फा-ह्वो' म्हणजे 'आग बाहेर पडणे' हा शब्दही त्या भाषेत आहे. रागाने उभे राहिलेले केस डोक्यावरील शिरोभूषण वर ढकलतात, अशा अर्थाचा एक प्राचीन वाक्प्रचारही प्रसिद्ध आहे. रागाचा पारा चढणे, मस्तकात आग जाणे या मराठी कल्पनांप्रमाणे तेथेही राग खालून वर जातो.

चंद्रपूर व गडचिरोलीतील भाषिक संदर्भ

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात येते. या भागात झाडीबोली बोलली जाते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत पसरलेल्या या बोलीत 'ण', 'ळ', 'छ', 'श' आणि 'ष' ही व्यंजने नाहीत. 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. त्यामुळे प्रमाण मराठीतील 'रागाने डोळे लाल झाले' हे वाक्य येथे 'डोरे' या रूपाने ऐकू येते. झाडीबोलीच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे कार्य पायाभूत मानले जाते.

बोलताना येथील मनुष्य 'मी संतप्त झालो' असे म्हणत नाही. राग आला, भडकलो, डोके फिरले असे म्हणतो. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीवरील नाटकांतही क्रोधाचे प्रसंग भरपूर असतात. परंतु पात्राच्या तोंडी 'संतप्त' हा शब्द कृत्रिम वाटेल. तो शब्द वर्णन करणाऱ्याचा आहे. स्वतःविषयी बोलताना 'राग आला' आणि दुसऱ्याविषयी लिहिताना 'संतप्त झाला', अशी मराठीची सर्वसाधारण विभागणी आहे. म्हणूनच तक्रारपत्रात 'मी संतप्त आहे' असे लिहिण्यापेक्षा 'या प्रकाराबद्दल तीव्र नाराजी व्यक्त करीत आहे' असे लिहिणे योग्य ठरते.

या दोन जिल्ह्यांत मराठीखेरीज अनेक भाषा नांदतात. भामरागड, एटापल्ली या भागांत गोंडी व माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची व कुरखेड्याकडे छत्तीसगढी, तर चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत पुनर्वसित झालेल्या कुटुंबांमुळे बंगाली ऐकू येते. या सर्वांची मुले शाळेत किंवा शासकीय व्यवहारात मराठीला सामोरी जातात.

तेलुगूभाषक विद्यार्थ्याला मराठीची चतुर्थीयुक्त रचना परकी वाटत नाही. तेलुगूत 'नाकु कोपम् वच्चिंदि' म्हणजे शब्दशः 'मला कोप आला' असेच म्हणतात, आणि 'कोप' हा शब्द मराठीतही आहे. मात्र मराठीत 'कोप' हा शब्द देवाच्या किंवा निसर्गाच्या रागासाठी राखीव झाल्यासारखा असल्याने 'मला कोप आला' हे वाक्य हास्यास्पद ठरते. बंगालीत अनुभव घेणारी व्यक्ती षष्ठीत असते. शब्दशः 'माझा राग झाला' अशी ती रचना आहे. बंगालीभाषकाला 'राग' हा शब्द ओळखीचा असतो, पण विभक्ती बदलावी लागते.

शोकसंतप्त आणि संतप्त

सर्वांत गंभीर घोटाळा 'संतप्त' या शब्दाचाच होतो. हिंदीत 'शोक संतप्त परिवार' आणि बंगालीत 'शोकसंतप्त परिवार' हे निधनवार्तेतील नेहमीचे शब्द होत. त्यांचा अर्थ दुःखाने पोळलेले कुटुंब असा आहे. मराठी निधनवार्तेत त्या जागी 'शोकाकुल' किंवा 'दुःखाकुल' असे लिहितात. मराठीत 'संतप्त कुटुंबीय' असे लिहिले की कुटुंबीय रागावलेले आहेत, असाच अर्थ निघतो.

हा भेद ब्रह्मपुरी परिसरात केवळ व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. ब्रह्मपुरी वनविभाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित क्षेत्राबाहेर असूनही येथे वाघांचा मोठा वावर आहे; गावे, शेते आणि जंगल एकमेकांत मिसळलेली आहेत. मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे, गुरे चारणे आणि धानाच्या बांधीत राबणे या कामांसाठी लोकांना जंगलात किंवा त्याच्या कडेला जावे लागते. त्यातून वाघाच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडतात. अशा मृत्यूच्या बातमीत 'संतप्त ग्रामस्थ', 'संतप्त नातेवाईक' हे शब्द हटकून येतात. मृतदेह हलवू न देणे, वनकर्मचाऱ्यांना घेराव घालणे, वाघाला जेरबंद करण्याची आणि आर्थिक साहाय्याची मागणी करणे, असे त्या संतापाचे स्वरूप असते.

'मृताचे संतप्त नातेवाईक' हे शब्द हिंदी किंवा बंगाली भाषेच्या सवयीने वाचणाऱ्याला नातेवाईक शोक करीत आहेत असे वाटेल. मराठी वाचकाला ते रागावले आहेत असे कळेल. पहिल्या वाचनात सांत्वनाची गरज दिसते, दुसऱ्या वाचनात उत्तराची. प्रत्यक्षात त्या कुटुंबाच्या मनात दोन्ही भावना असतात. म्हणून नेमके लिहू इच्छिणाऱ्याने दोन्ही स्वतंत्रपणे नोंदविणे उचित ठरते: 'घटनेने कुटुंब शोकाकुल झाले असून बंदोबस्त न झाल्याने ग्रामस्थ संतप्त आहेत.' या वाक्यात कोणाला कोणती भावना आहे आणि तिचे कारण काय, हे संदिग्ध राहत नाही.

वृत्तलेखनातील वापर

समूहाच्या रागाचे वर्णन करताना विशेषणाची निवड हा निवाड्याचाच एक भाग ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' आंदोलनात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यानंतर झालेल्या उद्रेकात काही शासकीय अधिकारी मारले गेले. पुढे तेथे लष्कर पोहोचले, गावकऱ्यांवर अत्याचार झाले आणि त्यांची चौकशी व्हावी यासाठी प्राध्यापक भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले. या घटनेतील समुदायाला 'संतप्त जनता' म्हटले की गोळीबार हे कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर येते. 'हिंसक जमाव' म्हटले की अधिकाऱ्यांचा मृत्यू समोर येतो. दोन्ही शब्दांना वस्तुस्थितीचा आधार आहे, पण कोणताही एकच शब्द सगळी हकिकत सांगत नाही. त्यामुळे इतिहासलेखनात विशेषणावर विसंबून न राहता घटनाक्रम देणे श्रेयस्कर मानले जाते.

अतिवापरामुळे या शब्दाची धार बोथट होते, हीदेखील एक मर्यादा आहे. गावापुढे 'संतप्त' आणि प्रतिक्रियेपुढेही 'संतप्त' हे विशेषण सवयीने लावले की ते केवळ साच्यातील अक्षरे होऊन बसते. बसला दहा मिनिटे उशीर झाल्यावरही प्रवासी संतप्त आणि माणूस गमावल्यावरही गावकरी संतप्तच, असे लिहिल्यास दोन प्रसंगांतील अंतर पुसले जाते. पहिल्या प्रसंगी 'वैतागलेले' किंवा 'नाराज' हे शब्द पुरेसे असतात.

शालेय उपयोजित लेखनात बातमी तयार करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम राग कोणाला आला ते ठरवावे. नंतर तो कोणावर आणि कशामुळे, हे वाक्यात आणावे. शेवटी तो कृतीतून कसा व्यक्त झाला ते पाहावे. तीनही प्रश्नांची उत्तरे मिळत असतील आणि राग खरोखर तीव्र असेल, तर 'संतप्त' हा शब्द योग्य ठरतो. कारण सापडत नसेल तर 'रागावलेला' किंवा 'चिडलेला' यांपैकी शब्द निवडावा. विवेक सुटल्याचे स्पष्ट दिसत असेल, तरच 'बेभान' म्हणावे.

साहित्य आणि चित्रपट

ब्रिटिश नाटककार जॉन ऑस्बर्न यांचे 'लुक बॅक इन अँगर' हे नाटक १९५६ साली रंगभूमीवर आले. त्या काळातील इंग्लंडमधील लेखकांच्या एका पिढीला 'अँग्री यंग मेन' हे नाव मिळाले. हिंदी चित्रपटसृष्टीत 'जंजीर' या १९७३ सालच्या चित्रपटानंतर अमिताभ बच्चन यांची तशीच प्रतिमा रूढ झाली. मराठीत या कल्पनेसाठी 'संतप्त तरुण' हा शब्दप्रयोग केला जातो. 'रागीट तरुण' असे भाषांतर केले असते तर तो केवळ स्वभावदोष ठरला असता. 'संतप्त' या शब्दामुळे त्या रागामागील सामाजिक कारण सूचित होते.

मराठी दलित साहित्याच्या संदर्भात मात्र 'संतप्त' यापेक्षा 'विद्रोही' हा शब्द अधिक स्वीकारला गेला. संताप ही भावना आहे आणि ती ओसरू शकते. विद्रोहात नकार आणि विचार यांचा समावेश होतो. एखाद्या लेखनाला केवळ 'संतप्त' म्हटल्यास त्यातील विचार दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. दुसऱ्याच्या रागाला नाव देताना त्याच्या कारणासही स्थान द्यावे लागते, आणि तेवढी जागा एका विशेषणात नेहमीच असते असे नाही.